जिवाला घोर

वन्संच्या थोरलीचं लग्न कराडला होतं. आदल्या रात्री सीमांतपूजन, मग जेवणं, मग रुखवताची मांडामांड. पाठ टेकायला साडेबारा वाजले. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बायकांची सोय होती. भिंतीला लागून भाड्याच्या गाद्या, बारा बायका आणि नऊ उश्या. मी दाराशेजारची गादी धरली, कारण मला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. बाकी झोपेच्या बाबतीत मी भाग्यवान, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. उशीला डोकं लागायचा अवकाश, की ढाराढूर.

सकाळी चहाला खाली आले तर बायकांत चर्चा रंगलेली. रात्री कार्यालयाच्या मागं कुणीतरी ट्रॅक्टर उभा केला होता आणि मेल्यानं इंजिन बंदच केलं नाही. नवऱ्याकडच्या एक बाई म्हणाल्या, ट्रॅक्टर कसला, बोअर मारत होते. मी म्हटलं, ‘मला तर बाई काही ऐकू आलं नाही.’ त्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. वन्संची धाकटी कपात बघून हसत होती.

‘मामी,’ ती नंतर जिन्यात म्हणाली, ‘चिडणार नसशील तर एक ऐकवू?’

तिनं मोबाईलवर टेप केलं होतं. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं, असं वर दिसत होतं. आधी ओल्या लाकडावर करवत चालावी तशी खरखर. ती वाढत वाढत गेली, मधे कुणाची तरी बांगडी वाजली, कुणीतरी कूस बदलली. मग एक बारीक शिट्टी, आणि मग काहीच नाही. मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं, पण आकडे पळत होते, पंख्याचा आवाज येत होता. मी मनात मोजायला लागले. सतरापर्यंत आले. आणि मग विहिरीच्या तळाशी सूर मारलेला माणूस वर येऊन तोंड उघडतो ना, तसा एक भसका आवाज आला, आणि करवत पुन्हा सुरू.

तो भसका आवाज माझा होता. गेली एकोणतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवते, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवते. पण माझ्या गळ्यातून असलं काही निघत असेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पहिल्यांदा वाटली ती भीती नव्हे, लाज. पुरुष घोरला की तो दमलेला असतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, घोरायचे ते गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचं, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. गणपतीत रात्रीची आरास करणारी पोरं म्हणायची, ‘दादांचं इंजिन सुरू आहे, म्हणजे चोर यायचा नाही.’ दादा सकाळी उठून ते ऐकून मिशीत हसायचे. बाईच्या घोरण्याला मात्र म्हशीचीच उपमा मिळते. बाई लोळते, पसरते, आणि वर घोरतेसुद्धा! त्यामुळे लग्नघरातल्या अकरा बायकांनी रात्रभर माझी करवत ऐकली आणि सकाळी सौजन्यानं ट्रॅक्टर उभा केला, हे मला नंतर कळलं.

परतताना गाडीत ह्यांना विचारलं.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘सात-आठ वर्षं झाली.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘एकदा बोललो होतो. तू दोन रात्री हॉलमध्ये झोपलीस.’

खरंच होतं. मी पार विसरले होते. उंब्रजच्या पुढं कुठंतरी, बराच वेळ गप्प राहून हे म्हणाले, ‘आवाजाचं काही नाही गं. आवाजाची सवय झाली. आवाज थांबतो ना, तेव्हा मला जाग येते. परत सुरू होईस्तोवर डोळा लागत नाही. फारच लांबलं तर खांद्याला हात लावतो तुझ्या.’

मराठीत घोर म्हणजे काळजी, जिवाला लागते ती. घोरणं आणि घोर यांचं व्युत्पत्तीत काय नातं असेल ते कोशवाल्यांनी बघावं. आमच्या घरात इतकी वर्षं मी घोरत होते आणि घोर ह्यांना लागला होता.

पण लगेच डॉक्टरकडे कोण जातं? आधी घरचे उपाय. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून नाकात अणुतेलाचे दोन-दोन थेंब. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. झोपताना वाफ. हळदीचं दूध तर मराठी घरात कशावरही देतात, ते इथंही दिलं. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आणल्या. त्यानं नाकपुड्या उघडतात हे खरं, आणि ज्याचा त्रास नाकातच आहे, सर्दीनं किंवा ॲलर्जीनं नाक चोंदलंय, त्याला वाफ, पट्टी, नाकातला फवारा यांनी फरक पडतोही. माझी करवत मात्र त्याच्या मागं, घशात चालत होती. नाकावर पट्टी लावून मी फक्त दिसायला क्रिकेटपटू झाले.

दोन उश्या घेऊन बघितल्या. त्यानं उलट वाढलं. मान पुढं वाकते आणि घसा आणखी दुमडतो. डोक्याकडचा भाग उंच करायचा तर अख्खा पलंगच करावा लागतो, म्हणून ह्यांनी उशाकडच्या दोन पायांखाली विटा लावल्या. आठवडाभर मी रोज पहाटे पायथ्याशी घसरलेली सापडायचे.

त्यातल्या त्यात चेंडूनं काम केलं. उताणं झोपलं की जीभ आणि पडजीभ आपल्याच वजनानं मागं ढळतात, घशाची वाट अरुंद होते, आणि त्या फटीतून हवा जाताना मऊ टाळू फडफडतो. शिडासारखा. तो आवाज म्हणजे घोरणं. म्हणजे कुशीवर झोपलं की निम्मं काम होतं. पण झोपेत कूस कोण राखणार? म्हणून कपड्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायचा. उताणं झालं की टोचतो, माणूस आपोआप वळतो. युक्ती जुनी आहे आणि डॉक्टरही नाव ठेवत नाहीत. मी गाऊनच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधोमध, जुन्या परकराच्या कापडाचा खिसा शिवला, वर बटण लावलं. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे आवाज बराच खाली आला. चौथ्या दिवशी सकाळी मी तशीच दार उघडून दूधवाल्याकडून पिशव्या घेतल्या आणि आत वळले. तो अजून माझ्या नजरेला नजर देत नाही.

आवाज खाली आला, पण थांबणं थांबलं नाही. ह्यांनी एका रविवारी कागद पुढं केला. रात्री जाग आली की उशाच्या घड्याळात बघून किती सेकंद, ते लिहून ठेवलं होतं. चौदा. बावीस. सतरा. एकोणतीस. पुढं पेन्सिल घसरली होती. तो कागद घेऊन आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी घोरण्याबद्दल शेवटी विचारलं. आधी आठ प्रश्नांचा एक कागद दिला. तो ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केला, एपवर्थ मापनी म्हणतात त्याला. वाचताना डुलकी लागते का? टीव्ही बघताना? गाडीत तासभर नुसतं बसलं तर? दुपारी जेवल्यावर? कुणाशी बोलता बोलता? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, दहाच्या वर गेलं की लक्ष घालायचं. मला पंधरा मिळाले. बोलता बोलता डुलकी लागते का, या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं, नाहीतर सोळा झाले असते. सहामाहीच्या परीक्षेत सुपरव्हिजनला खुर्चीत माझी मान पडली होती आणि आख्ख्या वर्गानं त्याचा फायदा घेतला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग डॉक्टरांनी एकेक विचारत नेलं. सकाळी डोकं दुखतं? हो, चहानं उतरतं. तोंडाला कोरड? रोज. रात्री लघवीला उठावं लागतं? दोनदा. ब्लडप्रेशर? दोन वर्षं गोळी चालू. पाळी कधी गेली? पाच वर्षं झाली. झोपेसाठी काही घेता? आता इथं मी अडकले. दिवसभर पेंग यायची म्हणून मला वाटायचं रात्रीची झोप पुरत नाही, आणि म्हणून अधूनमधून गोळी घ्यायचे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. झोपेत घशाचे स्नायू मुळातच सैल पडतात. असल्या बऱ्याच गोळ्या आणि दारू त्यांना आणखी सैल करतात. म्हणजे मी आगीवर रॉकेल ओतून वर म्हणत होते, धूर का येतोय. ती गोळी त्यांनी हळूहळू कमी करत बंद केली.

ही सगळी लक्षणं मी आजवर वेगवेगळ्या खात्यांत जमा केली होती. डोकेदुखी पित्ताच्या, लघवी वयाच्या, पेंग कामाच्या. ती एकाच खात्यातली होती.

गळ्याचं माप घेतलं तेव्हा मला हसू आलं. शिंप्याची टेप, ब्लाउजच्या मापाला असते तीच. बायकांत सोळा इंच, पुरुषांत सतरा इंच, यापलीकडे गळा असला की संशय वाढतो. माझा साडेसोळा भरला. लग्नात तेरा होता. ठुशी अजून आहे, ती बसत नाही.

तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी. मला वाटलं या असल्या साजात झोप लागणारच नाही. लागली. अहवाल आला: तासाला अठ्ठावीस वेळा श्वास अडकत होता किंवा अर्धवट होत होता, आणि रक्तातला प्राणवायू एकदा ७९ टक्क्यांपर्यंत उतरला होता. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त, असं धरून मोजतात. तासाला पाचपर्यंत चालतं, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, पुढं तीव्र. मी मध्यमच्या वरच्या काठावर. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार. गंमत म्हणजे घोरणारे सगळेच यात येत नाहीत. पुष्कळांचा नुसता आवाजच असतो, आणि त्यांना चेंडू, कूस, थोडं वजन, रात्रीचा पेग बंद, एवढं पुरतं. कोण कुठल्या रांगेत, हे आवाजाच्या मोठेपणावरून कळत नाही. मधल्या शांततेवरून शंका येते, आणि ती ऐकायला शेजारी कुणीतरी जागं लागतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये तीस ते साठ वयाच्या नोकरदारांची झोप तपासली, त्याचे आकडे १९९३ साली आले. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडकणारे पुरुष २४ टक्के, बायका ९ टक्के. नऊ म्हणजे कमी नव्हे. पाळी जाईपर्यंत शरीरातली संप्रेरकं बाईचा श्वास थोडाफार सांभाळून घेतात, नंतर तो आधार जातो. पण दवाखान्यात बायका त्या मानानं फार कमी पोचतात. का, ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी हॉलमध्ये झोपले होते ना दोन रात्री.

अहवाल हातात आल्यावर मी आईला फोन केला. दादा एकसष्टाव्या वर्षी पहाटे झोपेतच गेले. सगळे म्हणाले, पुण्यवान, कुणाला त्रास दिला नाही. त्यांना काय झालं होतं ते आता कोण सांगणार, आणि मी निदान करायला बसलेले नाही. फक्त विचारलं, ‘दादा घोरायचे, ते मधेच थांबायचे का गं?’

आई जरा वेळानं म्हणाली, ‘थांबायचे की. मी पायाला पाय लावायची. मग चालू व्हायचे.’

आणखी थोड्या वेळानं म्हणाली, ‘तेव्हा मी तुझ्या मावशीकडं गेले होते.’

त्यापुढं त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

डॉक्टरांनी दोन-तीन वाटा सांगितल्या. खालचा जबडा झोपेत पुढं धरून ठेवणारं दातांवर बसवायचं साधन असतं. माझ्या खालच्या दाढा गेल्यात, त्यामुळे ते बाद. शस्त्रक्रिया लहान मुलांत, टॉन्सिल आणि ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या असतील तर, बऱ्याचदा चांगला गुण देते. मोठ्यांत ती नीट पारखूनच करतात. हे ऐकताना मला आमच्या पाचवीतला एक मुलगा आठवला. सदा तोंड उघडं, तिसऱ्या तासाला हमखास पेंगणारा. मी त्याला दोनदा बाकावर उभं केलं होतं. त्याच्या आईला बोलावून विचारलं, रात्री घोरतो का? ती कौतुकानं म्हणाली, ‘मोठ्या माणसासारखा!’ तिला डॉक्टरकडे पाठवलं. बाकावर उभं केल्याचं मात्र मी तिला सांगू शकले नाही.

आणि हो, तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचं एक खूळ सध्या मोबाईलवर फिरतंय. नाक चोंदलेल्या किंवा श्वास अडकणाऱ्या माणसानं तोंडही बंद करायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी बाकावर उभं करीन.

माझ्या वाट्याला आलं मशीन. सीपॅप. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ही रीत जगापुढं मांडली. सुरुवातीच्या यंत्रात त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती, ओढण्याऐवजी हवा ढकलायला. नाकावर मास्क, त्यातून हलक्या दाबाची हवा, आणि त्या हवेच्या टेकूनं घसा उघडा राहतो. दाब किती? माझ्या मशीनला आठ सेंटीमीटर पाणी. पेल्यात आठ सेंटीमीटर पाणी घ्या, तळापर्यंत स्ट्रॉ बुडवा आणि बुडबुडे निघेपर्यंत फुंका. एवढाच. वन्संनी विचारलं, केवढ्याला पडलं? म्हटलं, तोळ्यापेक्षा स्वस्त. त्यावर त्यांचं समाधान झालं.

पहिला आठवडा भयंकर गेला. मास्कचे वळ गालावर घेऊन शाळेत जायचे. मशीनच्या, हवा ओलसर करणाऱ्या टाकीत उकळून गार केलेलं पाणी नव्हे, बॅटरीला घालतात तसलं डिस्टिल्ड पाणी लागतं. वळवाच्या पावसात लाईट गेली की मी गुदमरून उठायचे, म्हणून इन्व्हर्टरची वायर पलंगापर्यंत ओढली. बाराव्या दिवशी सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बराच वेळ कळेना. डोकं दुखत नव्हतं.

वजन सात किलो उतरलंय, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. तेवढ्यानंही श्वास अडकण्याचं प्रमाण खाली येतं म्हणतात, पुढच्या तपासणीत कळेल. जिभेचे व्यायामही करते. ब्राझीलमध्ये साव पाउलोच्या डॉक्टरांनी २००९ साली दाखवलं की तीन महिने रोज जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम केले तर मध्यम त्रास असलेल्यांना गुण येतो. जीभ टाळूला चिकटवून मागं सरकवायची, सगळी जीभ वर ओढून धरायची. दहावीला उच्चारस्थानं शिकवताना मी हेच करून दाखवते, फक्त आता पगार मिळत नाही.

आणि शंख. स्वित्झर्लंडमधल्या काहींनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरिडू हे लांबलचक पोकळ वाद्य रुग्णांना चार महिने वाजवायला लावलं होतं, पंचवीस जणांच्या त्या प्रयोगावरचा लेख २००६ साली आला. घशाचे स्नायू घट्ट होतात म्हणे. पुढं २०१७ मध्ये त्यांना ते हसवणारं इग नोबेलही मिळालं. ते हसू ओसरायच्या आत जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांवर सहा महिने प्रयोग केला, काहींना दीर्घ श्वसन, काहींना शंख. आठवड्यातून पाच दिवस, पंधरा मिनिटं. शंखवाल्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी उतरली, असं त्यांनी २०२५ साली मांडलं. तीसच माणसं, त्यामुळे मशीन काढून शंख घ्यावा असं कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण सासऱ्यांचा शंख देवघरात होताच. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, बायकांनी शंख वाजवू नये. बंगालात प्रत्येक मंगलकार्याला बायकाच तर वाजवतात, म्हटलं. तीन आठवडे नुसतं फुस्स होत होतं. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी निघाला आवाज, आणि हे पेपर टाकून धावत आत आले.

‘काही नाही,’ म्हटलं, ‘यावेळी जागी आहे.’

गेल्या महिन्यात मिरजेला लग्न होतं. पुन्हा वरचा मजला, पुन्हा गाद्या. या खेपेला मी दाराजवळची नव्हे, प्लगजवळची गादी धरली. तिथं तीन मोबाईल चार्जिंगला होते, त्यातला एक काढावा लागला, त्यावरून थोडी कुरबुर झाली. मशीन मांडलं तशा बायका भोवती जमल्या. वाफ घेतेस का? दमा आहे का? झोपेत निघत नाही का? मी सगळं सांगितलं, घोरण्यासकट. दोघी-तिघी हसल्या, मग दिवे मालवले.

पहाटे पाचला मी मास्क काढून नळी गुंडाळत होते, तर ह्यांच्या आत्या माझ्या गादीवर येऊन टेकल्या. बहात्तर वर्षांच्या, मोठ्या तालेवार बाई. पोरासोरांना त्यांचा धाक. हातात नवरीच्या ब्लाउजसाठी आणलेली टेप होती. इकडंतिकडं बघून त्यांनी पदर बाजूला केला आणि मान वर केली.

‘मोज गं जरा.’

मी टेप गळ्याभोवती फिरवली. खिडकीतून पुरता उजेड नव्हता, आकडा दिसायला मोबाईलचा दिवा धरावा लागला.

‘सतराला थोडं कमी.’

आत्यांनी पदर नीट केला, टेपची सुरळी केली, कमरेला खोचली.

‘सोमवारी घेऊन चल मला त्या डॉक्टरकडं,’ त्या म्हणाल्या. ‘आणि खाली चहाला कुणी विचारलं ना, तर रात्री ट्रॅक्टर आला होता म्हणून सांग.’